घरातला संगणक कोणाचा?

बंगळूर शहराच्या चामराजपेटेतून आपण कधी गेला असाल, तर तेथील सरळ रेषेत आखलेले रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणारे ‘क्रॉस’ आपल्या लक्षात राहिले असतील. १८९२ साली म्हैसूरच्या चामराजेंद्र वडेयरांच्या नावाने वसविलेली ही पेठ. १९१५ साली स्थापन झालेली कन्नड साहित्य परिषद याच पेठेत आहे आणि रामनवमीचा प्रसिद्ध संगीतोत्सव येथील फोर्ट हायस्कूलच्या पटांगणावर भरत आला आहे. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून या शहराशी मराठी माणसाचे नाते जडले. आजही येथील कित्येक घरांत उंबऱ्याबाहेर कन्नड आणि उंबऱ्याआत मराठी अशी दुहेरी भाषा सुखाने नांदते.

अशाच एका घरी परवा आम्ही गेलो होतो. घरधनी सेवानिवृत्त शिक्षक. पेठेत सारे त्यांना गुरुजी म्हणतात. निवृत्तीनंतर, २००२ च्या सुमारास, त्यांनी आपल्या घराण्याच्या पाच पिढ्यांची हकीकत संगणकावर लिहून काढली होती. तीनशेहून अधिक पाने! वडिलांनी सांगितलेल्या आठवणी, आजीची व्रतवैकल्ये, सावंतवाडीहून निघालेले पूर्वज घाट चढून म्हैसूर संस्थानात कसे आले त्याची कथा, असा तो ऐवज. यंदा नातीने तो नव्या संगणकावर उघडला, तो पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नाही! इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि टिंबे यांची नुसती खिचडी.

“आजोबा, हे काय लिहिलंय तुम्ही?” नातीने विचारले.

“मी मराठीच लिहिलं होतं गं,” गुरुजी म्हणाले, “वाचणारं यंत्र बदललं.”

गुरुजींचे हे उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. वाचकहो, आजचा हा लेख त्या उत्तराविषयीच आहे.

कुलूप एकाचे, किल्ली दुसऱ्याची

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. आपण ‘क’ टंकित करतो तेव्हा तो एक क्रमांक साठवितो, आणि दाखविताना त्या क्रमांकाच्या जागी ‘क’ ची आकृती रेखाटतो. पूर्वी भारतीय भाषांसाठी आज्ञावली विकणाऱ्या प्रत्येक कारखानदाराने हे क्रमांक आपापल्या सोयीने ठरविले होते. एकाने जेथे ‘क’ ठेवला तेथे दुसऱ्याने ‘ढ’ ठेवला. आणि दोघांनीही मूळच्या इंग्रजी अक्षरांच्या जागाच वापरल्या. ज्याची आज्ञावली, त्याचाच टंक हाताशी असेल तोवर मराठी दिसावयाची. तो टंक गेला की उरे ती इंग्रजी अक्षरांची रास.

गुरुजींनी पदरचे पैसे मोजून घेतलेली आज्ञावली संगणकाला एक छोटीशी किल्ली, म्हणजे ‘डोंगल’, लावल्याविना चालत नसे. पुढे ती विकणाऱ्यांचा व्यवसाय बंद झाला. जुना संगणक बिघडला, आणि नव्या संगणकाला ती किल्ली ओळखता येईना. लेखन गुरुजींचे, संगणक गुरुजींचा, वीज गुरुजींची. परंतु ते लेखन वाचण्याचा अधिकार मात्र अस्तित्वातच नसलेल्या एका दुकानदाराच्या हाती!

या गोंधळावर जगाने एक उपाय योजिला आहे. १९९१ साली ‘युनिकोड’ या सर्वसामान्य संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यात देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांना आपापली कायमची जागा मिळाली. देवनागरी ‘क’ चा क्रमांक २३२५ आणि कन्नड ‘क’ चा ३२२१. हे क्रमांक कोणा एका कारखानदाराचे नाहीत. ते उघड छापलेले आहेत, आणि कोणीही ते वापरावेत. आज आपण मोबाईलवर मराठीत निरोप पाठवितो आणि तो नागपुरात, पणजीत वा न्यू जर्सीत जसाच्या तसा वाचला जातो, तो याच व्यवस्थेमुळे.

परंतु गुरुजींचे लेखन तर त्यापूर्वीच्या कुलपात अडकले होते. ते सुटले कसे, हे सांगण्यापूर्वी एका मोठ्या विचाराची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

फुकट निराळे, मुक्त निराळे

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे एक संगणकतज्ज्ञ काम करीत. तेथील छपाईयंत्रात कागद वारंवार अडके. यंत्राच्या आज्ञावलीची मूळ संहिता हाती असती तर त्यांनी तीत सुधारणा करून अडचण दूर केली असती. परंतु ती संहिता त्यांना दाखविण्यास नकार मिळाला. वस्तू आपली, दोष आपल्याला दिसतो, दुरुस्तीचे ज्ञानही आहे, आणि तरीही हात बांधलेले! या अनुभवातून १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प घोषित केला आणि १९८५ साली मुक्त सॉफ्टवेअरसाठी एक प्रतिष्ठान स्थापिले. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा संगणकप्रणालीचा गाभा लिहिला. आज जगातील ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतील सर्वच यंत्रे लिनक्सवर चालतात, आणि आपल्या हातातील अँड्रॉइड मोबाईलचा गाभाही तोच आहे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय? आपल्या स्वयंपाकघरातील उदाहरण घ्या. शेजारच्या काकूंनी तुम्हांला पुरणपोळीची कृती लिहून दिली. ती तुम्ही सणाला करा वा एरवी करा, कोणी विचारणार नाही. कृती वाचून गूळ कमी करावा, जायफळ वाढवावे, ही मुभा तुम्हांला आहे. तीच कृती तुम्ही नणंदेला उतरवून देऊ शकता, आणि तुमची सुधारलेली कृती साऱ्या आळीला सांगू शकता. वापरणे, समजून घेऊन बदलणे, वाटणे आणि सुधारलेले रूप वाटणे, ही चार स्वातंत्र्ये ज्या आज्ञावलीसोबत मिळतात ती मुक्त. उलट, बंद डब्यातून तयार पोळी रोज दाराशी आली, पण तीत काय घातले आहे ते सांगावयाचे नाही आणि विचारावयाचेही नाही, अशी अट असेल, तर ती पोळी फुकट मिळाली तरी मुक्त नव्हे.

हा भेद आपल्याकडे फार वेळा विसरला जातो. बंगळूरकरांना त्याचा अनुभव आहे. कन्नड लेखनासाठी १९९८ साली आलेली ‘बरह’ ही आज्ञावली शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांनी निर्मिली. घरोघरी कन्नड संगणकावर नेण्यात तिचा वाटा मोठा आहे, आणि मराठी मंडळींनीही ती वापरली आहे. ती अनेक वर्षे विनामूल्य मिळे. पुढे तिला मूल्य आकारले जाऊ लागले. निर्मात्याने आपल्या श्रमांचे मोल मागावे यात काहीच गैर नाही. परंतु यावरून हे ध्यानी येईल, की विनामूल्यता ही देणाऱ्याची मर्जी आहे. स्वातंत्र्य हा घेणाऱ्याचा हक्क आहे. मर्जी बदलते, हक्क टिकतो.

आता गुरुजींच्या लेखनाकडे वळू. नातीच्या महाविद्यालयातील मित्रांना एक परिवर्तक सापडला. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी कोणा स्वयंसेवकाने तो लिहिला होता आणि मूळ संहितेसह सर्वांसाठी ठेवला होता. गुरुजींचा टंक त्याला ठाऊक नव्हता. तथापि संहिता खुली असल्यामुळे मुलांनी ती वाचली. गुरुजींपाशी त्या काळी कागदावर छापून ठेवलेली चाळीस पाने होती. ती पाने एका बाजूस आणि पडद्यावरील खिचडी दुसऱ्या बाजूस ठेवून त्यांनी अक्षर अक्षर जुळविले, नवे कोष्टक तयार केले आणि परिवर्तकात घातले. तीन रविवार गेले. जोडाक्षरांनी आणि रफारांनी पुष्कळ छळले. अखेर तीनशे पाने मराठीत उभी राहिली! मुलांनी ते कोष्टकही सर्वांसाठी खुले करून ठेवले आहे. न जाणो, दुसऱ्या कोणा गुरुजींच्या घरी त्याच कुलपात दुसरे पुस्तक अडकले असावयाचे.

अशा कार्याची परंपरा या शहरात आहे. सुदर्शन लेआउट या श्रमिकांच्या वस्तीत मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतील तरुणांनी आंबेडकरांच्या नावाने सामुदायिक संगणक केंद्र चालविले, आणि ज्या मुलांनी संगणक कधी हाताळला नव्हता ती मुले तेथे चित्रे काढण्यास शिकली. शेजारच्या केरळाने तर शाळांतून मुक्त सॉफ्टवेअरचा मोठ्या प्रमाणावर अंगीकार केला आहे. केंद्र सरकारनेही २०१५ साली शासकीय कामात खुल्या आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

महाजालाच्या खिडकीतून कोण पाहते?

गुरुजींच्या पत्नींचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, गाऱ्हाणे वेगळेच होते. त्यांनी एकदा मोबाईलवर गुडघेदुखीचा उपाय शोधला. तेव्हापासून बातम्या वाचा, पाककृती पाहा, नाही तर भजन ऐका. जेथे जावे तेथे गुडघ्याच्या तेलाची जाहिरात! “माझा गुडघा दुखतो हे मी सूनबाईलासुद्धा सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मग हे यांना कोणी सांगितलं?”

सांगितले ते त्यांच्या न्याहाळकाने, म्हणजे ब्राउझरने. १९९४ साली ‘कुकी’ नावाची एक युक्ती निघाली. एखाद्या संकेतस्थळाने आपल्या न्याहाळकात एक छोटी चिठ्ठी ठेवावी आणि पुढच्या खेपेस ती वाचून आपल्याला ओळखावे, एवढाच तिचा हेतू होता. नेहमीच्या वाण्याने आपला हिशेब वहीत लिहून ठेवावा, तसे हे निरुपद्रवी होते. परंतु पुढे एकाच जाहिरातदाराची चिठ्ठी हजारो संकेतस्थळांवर चिकटविली जाऊ लागली. म्हणजे वाणी, डॉक्टर, वाचनालय आणि देऊळ या सर्वांच्या दाराशी एकच इसम वही घेऊन बसला, आणि आपण कोठे गेलो, किती वेळ थांबलो, हे टिपू लागला, असे झाले.

चिठ्ठी पुसली तरी सुटका नाही. आपल्या यंत्रातील टंक, पडद्याचा आकार, न्याहाळकाची आवृत्ती, वेळेचा विभाग या बारीकसारीक गोष्टींच्या मेळातून यंत्राचा जणू अंगठाच उमटतो. २०१० साली इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने केलेल्या प्रयोगात तपासलेल्या न्याहाळकांपैकी शंभरांतील ऐंशीहून अधिक अशा ठशावरून एकमेवाद्वितीय ठरले. ‘इन्कॉग्निटो’ खिडकी उघडली की आपण अदृश्य झालो, अशीही एक समजूत आहे. ती खिडकी त्याच यंत्रावर पुढे बसणाऱ्या माणसापासून आपला माग लपविते, संकेतस्थळांपासून नव्हे. या प्रश्नावर अमेरिकेत २०२० साली खटला झाला, आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलने जमविलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

सर्व न्याहाळक सारखे नाहीत. २००४ साली आलेल्या फायरफॉक्सची संहिता खुली आहे, आणि २०१९ पासून तो माग काढणाऱ्या ज्ञात चिठ्ठ्या आपण न सांगताच अडवितो. सफारीने २०२० साली त्रयस्थांच्या कुकींना पूर्ण बंदी केली. गूगलने आपल्या क्रोममधून त्या काढून टाकण्याचा मनोदय २०२० साली जाहीर केला होता. २०२४ साली तो सोडून दिला. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. क्रोम ज्यावर उभा आहे तो क्रोमियम प्रकल्पही खुल्या संहितेचाच आहे. आणि फायरफॉक्सच्या संस्थेचे बहुतेक उत्पन्न त्याच गूगलशी केलेल्या शोधविषयक करारातून येते. तेव्हा संहिता खुली एवढ्यावर विसंबून चालत नाही. पोटाची खळगी कोण भरतो, हेही पाहावे लागते.

बंगळूरच्या एका वृद्धाचा लढा

“मी काही लपविण्यासारखे करीत नाही, मग कोणी पाहिले तर बिघडले कोठे?” असे पुष्कळजण विचारतात. आपण स्नानगृहाचे दार लावतो ते काही गुन्हा करतो म्हणून नव्हे. एकांत हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे.

ही गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घेण्याचे श्रेय बंगळूरच्या एका वृद्ध गृहस्थांकडे जाते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधार योजनेच्या संदर्भात याचिका दाखल केली. त्या प्रकरणातून उपस्थित झालेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार आहे. पुढे २०१८ साली आधार योजना न्यायालयाने काही मर्यादा घालून वैध ठरविली. न्यायमूर्ती पुट्टस्वामी २०२४ साली निवर्तले. परंतु आज या देशात कोणीही खाजगीपणाच्या हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढला, तर त्यांच्या नावाचा खटला त्याच्या पाठीशी उभा असतो.

२०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले असून तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. आपली माहिती घेण्यापूर्वी आपली स्पष्ट संमती घ्यावी, दिलेली संमती तितक्याच सहजपणे मागे घेता यावी, आणि संमतीची सूचना इंग्रजीत वा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषेत, म्हणजे मराठीत वा कन्नडातही, वाचता यावी, अशा तरतुदी त्यात आहेत. हा शेवटचा हक्क आपण आवर्जून बजावावा.

जेथे तंत्र घातक होते

माहितीची चोरी म्हणजे केवळ तेलाची जाहिरात असती, तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. आमच्या परिचयातील एका तरुणाने, आईच्या औषधांसाठी, एका ॲपवरून काही हजार रुपये कर्ज घेतले. ॲप उतरविताना त्याने संपर्कयादी आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी दिली. कारण ती दिल्याविना पुढे जाताच येत नव्हते. हप्ता चार दिवस थकला आणि त्याच्या वडिलांना, मामांना, वरिष्ठांना, इतकेच काय, ज्या मुलीशी विवाहाची बोलणी चालू होती तिच्या घरीही निरोप गेले, की हा मनुष्य लबाड आहे. सोबत त्याचे विद्रूप केलेले छायाचित्र. त्या मुलाने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकले नाही. वडिलांनी समंजसपणा दाखवून प्रथम त्याला जवळ घेतले आणि मग पोलिसांकडे नेले, म्हणून तो आज हसता-बोलता आहे.

हे एकट्याचे दुर्दैव नव्हते. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली नेमलेल्या कार्यगटाला सुमारे ११०० कर्ज देणारी ॲप आढळली, आणि त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदेशीर होती! २०२२ च्या सप्टेंबरात बँकेने निर्देश दिले, की कर्जाच्या ॲपने ग्राहकाची संपर्कयादी, कॉलच्या नोंदी आणि छायाचित्रे यांना हात लावू नये. तेव्हा एखादे ॲप आजही संपर्कयादी मागत असेल, तर तेवढ्यावरूनच ते सावकार नसून दरोडेखोर आहे असे समजावे.

घातकपणाचा दुसरा प्रकार गोड बोलणारा आहे. “फक्त दोन नग उरले” असे खोटेच सांगणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकविणे, वर्गणी भरण्याची कळ मोठी आणि बंद करण्याची कळ दडवलेली ठेवणे, अशा क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्र सरकारने २०२३ साली त्यांचे १३ प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली आहे. तिसरा प्रकार ‘डिजिटल अटके’चा. पोलिसाचा वेष करून चित्रफोनवरून धमकावणे आणि पैसे उकळणे, हा तो प्रकार. कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही, हे घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला आजच सांगून ठेवावे. फसगत झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका विलंब कमी, तितकी रक्कम अडकवून ठेवण्याची शक्यता अधिक.

मुक्त म्हणजे निर्दोष नव्हे

मुक्त सॉफ्टवेअर वापरले की सारी विघ्ने टळली, असेही आम्ही म्हणणार नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ नावाच्या एका मुक्त साधनात कोणी दोनेक वर्षे विश्वास संपादन करून चोरवाट बसविल्याचे उघडकीस आले. चोर मुक्त दारानेच आत आला होता. परंतु तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एक नेहमीची क्रिया अर्ध्या सेकंदाने मंदावल्याचे जाणवले. तो खोलात शिरला, आणि सर्व काही पाहता येत असल्यामुळे त्याला मूळ गाठता आले. काचेच्या घरातही चोर शिरू शकतो. मात्र तो फार काळ लपू शकत नाही. तसेच, असली साधने पुष्कळदा एखाद-दुसरा स्वयंसेवक फावल्या वेळात सांभाळतो, हाही धडा त्या प्रकरणाने दिला. जे आपण फुकट वापरतो त्याच्या रखवालदाराची विचारपूस समाजाने केली पाहिजे.

मग सामान्य कुटुंबाने काय करावे? सारे घर एका दिवसात बदलण्याची आवश्यकता नाही. पहिले, नव्या यंत्रावर मजकूर लिहिताना तो युनिकोडमध्येच लिहावा, आणि मोलाचे लेखन कागदावरही छापून ठेवावे. गुरुजींना अखेर त्या चाळीस पानांनीच तारले. दुसरे, घरी एक तरी असा न्याहाळक ठेवावा जो माग काढणाऱ्यांना अडवितो. तिसरे, मोबाईलमधील ॲपना दिलेल्या परवानग्या महिन्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसून तपासाव्या. विजेरीच्या ॲपला आपली संपर्कयादी कशाला हवी, हा प्रश्न दहा वर्षांचे मूलही विचारू शकते. चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, घरात असे वातावरण ठेवावे की फसगत झालेल्या माणसाला ती सांगण्याची भीती वाटणार नाही. उत्तम आज्ञावलीपेक्षाही हे कवच बळकट आहे.

परवा निघताना गुरुजींनी आम्हांला आपल्या हकिकतीची छापील प्रत दाखविली. नात त्यांच्या शेजारी बसून पणजीच्या हातच्या तांबड्या भोपळ्याच्या घारग्यांची कृती वाचून दाखवीत होती, आणि वहिनी मधूनच “गूळ जास्त सांगितलाय” अशी दुरुस्ती सुचवीत होत्या. नातीने ती दुरुस्ती तेथल्या तेथे समासात लिहून घेतली.